एका गादीची गोष्ट आणि आपला मोहल्ला

केरळ सरकारने २०२४ सालच्या चित्रपटांचे राज्य पुरस्कार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले ममूटी. त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. पण त्याच यादीत सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून शमला हमजा यांचं नाव होतं आणि सर्वोत्कृष्ट नवोदित दिग्दर्शक म्हणून फासिल मुहम्मद यांचं. दोघांचा चित्रपट एकच, ‘फेमिनिची फातिमा’. दुसऱ्या क्रमांकाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणूनही त्याचीच निवड झाली.

फासिल यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. हाताशी पैसा बेताचा, मोठा स्टार एकही नाही. मलप्पुरम जिल्ह्यातलं पोन्नानी गाव, तिथलं एक साधं मुस्लीम घर आणि घरातली एक गादी, एवढ्यावर हा सगळा चित्रपट उभा आहे.

मुस्लीम समाजाचं चित्रण म्हटलं की आपल्याकडे चर्चा एकाच दिशेने जाते. अमुक चित्रपटात आपली बदनामी झाली, तमुक चित्रपटावर बंदी घाला, निवेदन द्या, मोर्चा काढा. ही तक्रार खोटी नाही, त्याबद्दल पुढे बोलूच. पण तक्रारीच्या पुढे काही आहे का, या प्रश्नाचं एक उत्तर पोन्नानीच्या या घरातून मिळतं असं आम्हाला वाटतं. म्हणून हा लेख.

गोष्ट काय आहे?

फातिमा ही मुलाबाळांची आई. नवरा अश्रफ मदरशात शिकवणारा उस्ताद. पहाटेपासून रात्रीपर्यंत घराचा गाडा फातिमा ओढते. नवऱ्याला पंखा लावायचा असला तरी तो तिलाच हाक मारतो. एक दिवस मोठा मुलगा रात्री गादी ओली करतो. गादी वापरायच्या लायकीची राहत नाही आणि फातिमा जमिनीवर झोपू लागते. पाठ दुखायला लागते. तिला फक्त एक गादी हवी आहे. ती मिळवायला ती एकेक वाट शोधते आणि प्रत्येक वेळी काहीतरी आडवं येतं. कधी पैसा, कधी नवऱ्याचा हेका, कधी ‘लोक काय म्हणतील’.

‘फेमिनिची’ हा केरळात स्त्रीवादी बायकांना हिणवायला वापरला जाणारा शब्द आहे. आपल्याकडे ‘जास्त शिकली का गं?’ म्हणतात ना, त्याच जातीचा टोमणा. ही फातिमा मात्र भाषण करत नाही, पुस्तकातलं काही बोलत नाही. पाठ दुखते म्हणून गादी मागते, आणि तेवढ्यावरून तिला तो शब्द चिकटतो. चित्रपट हे सगळं हसत-खेळत सांगतो. तरीही घरी परतताना आपल्या आईची, खालाची, बायकोची पाठ आठवल्याशिवाय राहत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. समीक्षकांच्या फिप्रेसी आणि नेटपॅक या पुरस्कारांबरोबरच प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुलकर सलमान यांच्या कंपनीने तो थिएटरांत आणला. म्हणजे पंडितांनी मान डोलावली आणि साध्या माणसांनी तिकीट काढलं. कमी पैशांच्या चित्रपटाला ही दोन्ही दारं एकदम क्वचितच उघडतात.

त्याच वर्षी दुसरी एक मुस्लीम बाई

२०२४ मध्येच हिंदीत ‘हमारे बारह’ नावाचा चित्रपट आला, हे वाचकांना आठवत असेल. त्यातही एक मुस्लीम बायको आहे आणि हट्टी नवरा आहे. बाळंतपणात तिच्या जिवाला धोका असताना नवरा ऐकत नाही, म्हणून घरातलीच मुलगी कोर्टात जाते. चित्रपटाच्या जाहिरातीवरून वाद झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने चित्रपट पाहिला, काही भाग काढायला लावले आणि मग प्रदर्शनाला परवानगी दिली.

वरवर पाहिलं तर दोन्ही चित्रपटांचा विषय सारखाच, मुस्लीम घरात बाईचं चालत नाही. मग एकाने आपल्याला जखम का होते आणि दुसऱ्याने डोळे का उघडतात?

फरक नावापासूनच सुरू होतो. ‘फातिमा’ हे एका बाईचं नाव आहे. ‘हमारे बारह’ हे बाईचं नावच नाही, तो एका अख्ख्या समाजावर मारलेला आकडा आहे. आणि आकडाही कसला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मुस्लीम महिलांचा एकूण प्रजनन दर २.३६ आला. पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, तो ४.४ होता. तीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलेल्या दरावर कुणी चित्रपट काढला नाही. शीर्षकात मात्र बारा.

दुसरा फरक नजरेचा आहे. एकीकडे बाईचं दुःख हा समाजाविरुद्धचा पुरावा आहे. दुसरीकडे ते बाईचं दुःख आहे, बस्स. फातिमाला त्रास देणारा नवरा मुस्लीम आहे, तशा तिला साथ देणाऱ्या बायकाही त्याच वस्तीतल्या आहेत. बाहेरून कुणी येऊन तिची सुटका करत नाही. आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांत ती आपली वाट काढते. घराची अशी बारीक नजर बाहेरच्याला सहसा येत नाही. त्यासाठी त्या घरात वाढावं लागतं.

‘द केरला स्टोरी’चंही तेच. त्याच केरळाबद्दल ३२ हजार मुलींचा आकडा जाहिरातीत फिरला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांना कबूल करावं लागलं की या आकड्याला ठोस आधार नाही, आणि तशी सूचना चित्रपटात टाकावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच चित्रपटाच्या दिग्दर्शकाला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. याचा राग येतो, यायलाच हवा. पण नुसत्या रागाने पडद्यावरची जागा भरत नाही. केरळच्या मुस्लीम मुलांनी रागही नोंदवला आणि स्वतःची केरळची गोष्टही सांगितली. दुसरं काम जास्त दिवस टिकणार आहे.

‘घरातलं बाहेर कशाला?’

इथे आपल्यातले बरेच वाचक एक प्रश्न विचारतील, आणि तो विचारण्यासारखाच आहे. चोहोबाजूंनी टीका चालू असताना आपणच आपल्या घरातले दोष पडद्यावर का दाखवायचे? त्यातून एका उस्तादाला आळशी, हेकट दाखवायचं. टपून बसलेल्यांच्या हाती हे आयतं कोलीत नाही का?

भीती खरी आहे. आम्हीही ती अनुभवतो. शाळेत, बँकेत, एसटीत आपल्याकडे कसं पाहिलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे. तरी आमचं मत असं की गप्प बसल्याने कोलीत विझत नाही. आपण आपल्या घराबद्दल बोललो नाही म्हणून दुसरे बोलायचे थांबले, असं झालेलं नाही. उलट ती जागा रिकामी राहिली आणि त्यांनी ती भरली.

आणि उस्तादाचं म्हणाल, तर चित्रपट एका माणसाच्या आळसाला हसतो, दीनला नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना काय करत, याबद्दल हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत आपण सगळ्यांनी वाजात ऐकलेली आहे. ते घरच्यांच्या कामाला हात लावत, आपली चप्पल स्वतः सांधत, कपडा स्वतः शिवत. जो सुन्नतीचं नाव घेतो आणि पंख्याच्या बटनासाठी बायकोला हाक मारतो, त्याला हा आरसा कुणीतरी दाखवायलाच हवा. बाहेरच्याने दाखवला तर ती चेष्टा होते. घरच्याने दाखवला तर ती नसीहत असते.

एकाच काळातली दोन गावं

केरळात हे एका रात्रीत घडलं नाही. त्यासाठी पंचवीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा दोन मुस्लीम वस्त्यांत एकाच काळात सारखी गोष्ट सुरू झाली होती. एक वस्ती मलबारातली, दुसरी आपल्या नाशिक जिल्ह्यातली.

मालेगाव आपल्याला नवीन नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, ट्रॉलीच्या जागी सायकल नाहीतर बैलगाडी, नट म्हणून यंत्रमागावरचे कामगार. शुक्रवारी माग बंद, म्हणून चित्रपट पाहायला गर्दीही शुक्रवारचीच. पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. तो बनत असताना फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढला आणि तो जगभर गाजला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरांत आला. ज्या शहराचं नाव बाहेर फक्त बॉम्बस्फोटांच्या बातमीत घेतलं जायचं, ते नाव लोकांनी हसत, प्रेमाने घेतलं. हे काम लहान नाही.

त्याच सुमारास मलबारात सलाम कोडियत्तूर यांनी ‘होम सिनेमा’ सुरू केला. थिएटर नाही, सीडी. घरी बसून कुटुंबासह पाहायचे चित्रपट. विषय घरचे होते: हुंडा, गल्फला गेलेला नवरा, मागे राहिलेली बायको. या सीडी मलबारात आणि आखाती देशांत हातोहात गेल्या. कलेच्या दृष्टीने ते फार उंच नव्हते, उपदेशही भरपूर होता. पण त्या चित्रपटांनी एका पिढीला सवय लावली की आपल्या घरातली गोष्ट कॅमेऱ्यासमोर आणता येते.

त्याच मातीतून पुढे झकरिया मोहम्मद आले. त्यांच्या ‘सुदानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) मध्ये मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलमधला एक जखमी आफ्रिकन खेळाडू एका मुस्लीम घरात येतो आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या बायका त्याची आईसारखी सेवा करतात. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याच्या निषेधार्थ झकरिया आणि त्यांचे सहकारी पुरस्कार घ्यायलाच गेले नाहीत. २०२० च्या ‘हलाल लव्ह स्टोरी’त तर एका धार्मिक संघटनेची मुलं शरीयतच्या हद्दीत राहून चित्रपट काढायला निघतात. नवरा-बायकोच्या भूमिकेसाठी खरंच लग्न झालेलं जोडपं शोधतात. आणि मग बायको नवऱ्यापेक्षा चांगली नटी निघते! आपल्यावर इतक्या मायेने हसणारा चित्रपट आम्ही दुसरा पाहिलेला नाही. फासिल मुहम्मद यांची फातिमा या सगळ्यांची धाकटी बहीण आहे.

सुरुवात सारखी होती. मग मालेगावातून फातिमा का आली नाही?

फरक कुठे पडला?

मालेगावच्या मुलांत हुशारी कमी नव्हती. बैलगाडीची क्रेन करणारा माणूस कमी हुशार कसा असेल? पण त्यांची गोष्ट उसनी होती. ‘शोले’ मुंबईचा, सुपरमॅन अमेरिकेचा. शहराचं स्वतःचं दुःख मधूनच डोकावायचं. त्यांच्या सुपरमॅनची लढाई शहरातल्या घाणीशी आणि तंबाखूशी होती. पुढे तो सुपरमॅन झालेले यंत्रमाग कामगार शफीक शेख स्वतः कर्करोगाने गेले. खरी गोष्ट तिथेच होती, पण ती सांगायला शहराबाहेरून माणसं यावी लागली.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. मालेगावच्या त्या चित्रपटांत गावातली बाई नव्हती. नटी बाहेरगावाहून आणायची. गावची बाई पडद्यावर नाही, पडद्यामागे नाही, पाहायला थिएटरातही नाही. मग गादीची गोष्ट सुचणार कुणाला? पाठ ज्याची दुखते त्यालाच गादी आठवते. होम सिनेमा घरात बसून बायकांनी पाहिला, म्हणून त्याचे विषय बायकांचे झाले. आम्हाला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट सरकारची आणि वातावरणाची. केरळात १९६५ पासून फिल्म सोसायट्या गावोगावी आहेत. आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९६ पासून चालू आहे आणि त्याला साधी कॉलेजची पोरं रांगा लावतात. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने स्वतःचा ओटीटीसुद्धा सुरू केला. आपल्याकडे पुण्यात एफटीआयआय १९६० पासून आहे, मुंबईत सगळी फिल्म इंडस्ट्री आहे, राज्य सरकारची मराठी चित्रपटांना अर्थसहाय्याची योजना आहे. पण ते अर्थसहाय्य चित्रपट पूर्ण झाल्यावर, तपासणी समितीने पाहून मिळतं. पदरचं काही नसलेल्या मुलाने चित्रपट पूर्ण करायचा कशाच्या जोरावर?

चौथी गोष्ट भाषेची. मलबारचा मुसलमान घरात, मदरशाबाहेर, दुकानात मल्याळमच बोलतो. आपलं तसं नाही. सोलापूरच्या घरात दखनी, रत्नागिरीत कोकणी, खानदेशात आणखी वेगळी बोली, शाळा उर्दू किंवा मराठी, कचेरीत मराठी. हिंदी चित्रपटात आपला माणूस एकतर लखनवी शेरोशायरी करतो किंवा भेंडीबाजारातला टपोरी असतो. मराठी चित्रपटात तो क्वचितच दिसतो. राजन खान यांच्या कथेवरचा ‘हलाल’ २०१७ मध्ये आला, तेव्हा विषय तलाकचा होता आणि लगेच विरोध उभा राहिला. एक सुखद अपवाद म्हणजे ‘सैराट’मधला सलीम. तो नुसता दोस्त आहे. त्याच्या मुसलमान असण्याचा गाजावाजा नाही, त्याच्याकडून देशभक्तीचा दाखला कुणी मागत नाही. गावात जसा असतो तसा तो आहे. ते चित्र मनात राहतं, कारण ते खरं आहे आणि कारण तसं दुसरं सापडत नाही.

भाषेची ही अडचण खरं तर आपली दौलत आहे. अम्मी दखनीत ओरडते, मुलगी मराठीत उत्तर देते, दादी उर्दूत दुआ देते. असं स्वयंपाकघर अजून पडद्यावर यायचं आहे.

चेहरा नको, मग कॅमेरा?

आम्ही शिक्षक आहोत. गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी मोबाईलवर सहा मिनिटांची फिल्म केली. विषय त्यांनीच निवडला, पाण्याच्या नळावरची रांग. एका मुलीच्या अब्बांनी निरोप पाठवला, “सर, आमच्या मुलीचा चेहरा दिसायला नको.” आम्ही म्हटलं, ठीक आहे. ती मुलगी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “सर, चेहरा नको ना? मग मी मोबाईल धरते.”

फिल्मचा सगळ्यात चांगला भाग तिनेच टिपला. पहाटे पाच वाजता हंडा धरून उभ्या असलेल्या बायकांचे नुसते पाय. झिजलेल्या चपला, एक पाय उचलून दुसऱ्यावर घासणारी म्हातारी. तो शॉट कुठल्या पुस्तकात नव्हता. ती रोज त्या रांगेत उभी राहते. संमेलनाला तिचे अब्बा आले होते. फिल्म संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “इतक्या पहाटे उठतात होय ह्या?”

तसवीर, कॅमेरा, पडदा यांबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि त्यावर निवाडा देणं हे आमचं काम नाही. पण ज्या घरांत मोबाईल आहे, रील्स आहेत, तिथे कॅमेरा आधीच शिरला आहे. तो कशासाठी वापरायचा एवढंच आता आपल्या हाती आहे. मालेगावातूनच निघणाऱ्या विनोदी व्हिडिओंना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक आहेत. कौशल्य आहे, प्रेक्षक आहे. कमी आहे ती आपल्या गोष्टीवरच्या विश्वासाची.

आपण काय करू शकतो?

पैशांची सबब आधी बाजूला ठेवू. पैसा कमी असला की गोष्ट आपोआप घरात येते. एक घर, चार माणसं, खिडकीतून येणारा उजेड. फातिमाचा चित्रपट याच ताकदीवर उभा आहे. फक्त आवाजावर काटकसर नको. चित्र थोडं धूसर चालतं, संवाद ऐकू आला नाही तर माणूस उठून जातो. आणि पहिल्याच मिनिटाला उपदेश सुरू करू नये.

दुसरं, समाजाच्या ट्रस्टांना आणि जमातींना आमची विनंती आहे. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांना आपण शिष्यवृत्ती देतो, द्यायलाच हवी. त्यातली वर्षाला एखादी चित्रपट, ध्वनी, संकलन शिकणाऱ्या मुलामुलींना द्यावी. पुण्याची एफटीआयआय आहे, दिल्लीत जामिया मिलिया इस्लामियाचं मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर १९८२ पासून आहे. एका जलशाच्या मंडपाच्या खर्चात एखाद्या मुलाचं वर्ष निघेल.

तिसरं, पाहण्याची सवय. शादीखान्यात महिन्यातून एकदा चांगला चित्रपट दाखवता येतो. बायकांसाठी वेगळी वेळ हवी असेल तर तशी ठेवा, पण ठेवा. सुरुवात ‘हलाल लव्ह स्टोरी’ने करता येईल.

आणि चौथं, पुढच्या वेळी कुणी आपल्यातलाच मुलगा किंवा मुलगी मोहल्ल्याची कडू गोष्ट सांगेल, तेव्हा निवेदन लिहायला बसण्याआधी ती गोष्ट एकदा पूर्ण पाहावी. ती खोटी असेल तर बोलावं. खरी असेल तर घरी जाऊन आधी पंख्याचं बटन स्वतः दाबावं.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. परवा विचारत होती, “सर, परीक्षा झाल्यावर अम्मीच्या शिलाई मशीनवर फिल्म केली तर चालेल?” आम्ही म्हटलं, अब्बांना विचार. म्हणाली, विचारलंय. त्यांनी फक्त एवढंच सांगितलंय की अम्मीला आधी विचार.